शस्त्राची कथा आणि कथेचे शस्त्र

दिवाळीच्या दिवसांत मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल दिसते. ते पत्र्याचे असो की प्लॅस्टिकचे, त्याची ठेवण बहुधा ठरलेली असते. पुढे सरळ नळी, मध्ये गोल चक्राचा फुगवटा, मागे डौलाने खाली वळलेली मूठ आणि अंगठ्याने मागे ओढावयाचा एक लहानसा घोडा. हा आकार कोठून आला, असे त्या मुलास विचारले तर त्याला सांगता येणार नाही. आणि खरे म्हणजे ते पिस्तूल आणून देणाऱ्या त्याच्या वडिलांनाही सांगता येणार नाही. तथापि आकार दोघांच्याही पूर्ण ओळखीचा असतो. ज्या देशी आपण कधी गेलो नाही, ज्या काळी आपण नव्हतो, त्या देशकालातील एक वस्तू आपल्या अंगणात अशी सहज येऊन बसते, याचे श्रेय कोणा कारखानदाराकडे जात नाही. ते कथेकडे जाते. म्हणूनच एका पिस्तुलासंबंधी साहित्यविषयक मासिकात चार शब्द लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते.

हे पिस्तूल म्हणजे अमेरिकेतील हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनीने १८७३ साली सैन्याकरिता काढलेले ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या नावाचे रिव्हॉल्व्हर. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो सॅम्युअल कोल्ट त्याआधी अकरा वर्षे, म्हणजे १८६२ सालीच, निवर्तला होता. पिस्तुलाची रचना त्याच्या कारखान्यातील विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स यांची. सैन्याची पहिलीच मागणी ८,००० नगांची होती. घोडदळाच्या नमुन्याची नळी साडेसात इंचांची, वजन एक किलोहून थोडे अधिक आणि गोळीचा व्यास सुमारे .४५ इंच. मूळ काडतुसात ४० ग्रेन काळी दारू आणि तिच्यापुढे २५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसोळा ग्रॅम वजनाची, शिशाची गोळी असे. त्या काळच्या हातशस्त्रांत हा बार फार जबर समजला जाई. सैन्याने १८९२ साली त्यास निरोप देऊन लहान गोळीचे नवे पिस्तूल पसंत केले खरे. परंतु पुढे फिलिपाईन्समधील लढाईत ती लहान गोळी अपुरी पडू लागली, तेव्हा जुनी पिस्तुले पुन्हा बाहेर काढावी लागली. विक्रीच्या व्यवहारात या शस्त्रास ‘पीसमेकर’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारा, असे नाव पडले. तद्देशीय मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमांत घोडदळाच्या कमरेस जे लटकत असे, त्या शस्त्राचे हे नाव! वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. कारण पुढील साऱ्या कथावाङ्मयाचा सद्गुण आणि दुर्गुण या एका नावात साठविलेला आहे.

‘सिंगल ॲक्शन’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. या पिस्तुलाचा चाप एकच काम करतो. ते म्हणजे चढविलेला घोडा सोडणे. घोडा चढविण्याचे काम प्रत्येक बाराच्या वेळी अंगठ्याने करावे लागते. घोडा मागे ओढला की खटके वाजत चक्र एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. चक्रास घरे सहा. परंतु उतरलेल्या घोड्याचे टोक काडतुसाच्या बुडावर टेकण्याचा धोका असल्यामुळे जाणता मनुष्य पाचच भरी आणि घोड्याखालचे घर मोकळे ठेवी. भरणे हाही मोठा खटाटोप असे. उजव्या बाजूची लहानशी झडप उघडावयाची, कांबीने एकेक रिकामे काडतूस ढकलून बाहेर काढावयाचे, आणि चक्र फिरवीत एकेक नवे आत सारावयाचे. यंत्राच्या दृष्टीने हे सारे दोषच होत; आणि चाप ओढताच घोडा आपोआप चढून पडावा अशी सोय असलेली पिस्तुले त्याही काळी बाजारात होती. परंतु यंत्राचा जो दोष तोच पुष्कळदा कलेच्या उपयोगी पडतो. घोडा चढविणे आणि चाप ओढणे या दोन क्रियांच्या मध्ये एक क्षण उरतो. त्या क्षणी मनुष्य आपला निश्चय फिरवू शकतो. नाटककारास याहून अधिक काय हवे असते?

महाकाव्यातील शस्त्रे नावानिशी ओळखली जातात. अर्जुनाचे गांडीव, भगवंताचे सुदर्शन, इंग्रजांच्या आर्थर राजाची एक्सकॅलिबर तलवार ही सारी शस्त्रे देवदत्त किंवा दैवी होत. ती एकाच वीरासाठी असतात. इतरांच्या हाती ती शोभत नाहीत, कित्येकदा पेलतही नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या कथेत मात्र एक अपूर्व गोष्ट घडली. तिच्या वीराचे शस्त्र कारखान्यात साच्याने तयार होते, त्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि दाम मोजणाऱ्या कोणासही ते दुकानात मिळते. वीराच्या कमरेस जे शस्त्र, तेच खलाच्याही कमरेस. मग वीर आणि खल यांतील भेद दाखवावयाचा कसा? शस्त्राने तो दाखविता येत नाही. तो शस्त्र उपसण्यापूर्वीच्या त्या एका क्षणाने दाखवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील यंत्रयुगाने महाकाव्यास दिलेली ही देणगी आहे आणि तिचे मोल अद्याप पुरते ओळखले गेले आहे असे वाटत नाही.

आता या कथेचा इतिहासाशी संबंध कितपत आहे ते पाहू. रिकाम्या रस्त्यावर दोघे समोरासमोर उभे आहेत, आणि ज्याचा हात चपळ तो जिवंत राहतो, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा चित्रपटप्रेमी विरळा. प्रत्यक्षात अशी द्वंद्वे फारच थोडी झाली. त्यांतील प्रसिद्ध असे एक, वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांचे, मिसुरी प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी जुलै १८६५ मध्ये झाले. म्हणजे आपले पिस्तूल जन्मास येण्यापूर्वी आठ वर्षे. या प्रकारच्या द्वंद्वास वाङ्मयात कायमचे स्थान मिळवून दिले ते ओवेन विस्टर याच्या ‘द व्हर्जिनियन’ या १९०२ सालच्या कादंबरीने. सूर्यास्तापूर्वी गाव सोडून जा, अशी खलाने दिलेली धमकी, नवपरिणित होऊ घातलेल्या नायिकेचा आक्रोश, आणि मग ती चकमक. पुढील शेकडो कथांचा साचा तेथे तयार झाला.

इतिहासातील सर्वांत गाजलेली चकमक ॲरिझोनातील टूमस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली. ती अवघी अर्ध्या मिनिटाची. सुमारे तीस बार झाले आणि तिघे ठार झाले. या चकमकीवर कितीतरी चित्रपट निघाले. परंतु तिच्या मुळाशी काय होते ते त्यांतून क्वचितच ठसते. त्या गावाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावात शस्त्र बाळगून हिंडण्यास मनाई करणारा ठराव केला होता, आणि तो अमलात आणावयाचा म्हणून गावचे अधिकारी त्या मंडळींसमोर जाऊन उभे राहिले होते. ज्या प्रसंगास जग पिस्तुलाच्या वैभवाचा कळस समजते, तो प्रसंग पिस्तूल काढून घेण्याच्या खटपटीतून उद्भवलेला होता! पश्चिमेकडील त्या गावांना शस्त्राचा धाक हवा होता तितकाच शस्त्रापासून सुटकाराही हवा होता. कथेने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोडून दिली.

याच चकमकीतील एक अधिकारी वायट अर्प. तो १९२९ साली वारला आणि १९३१ साली स्टुअर्ट लेक याने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात अशी हकीकत आहे की, नेड बंटलाइन नावाच्या स्वस्त साहसकथा लिहिणाऱ्या लेखकाने अर्प आणि इतर काही अधिकाऱ्यांना बारा इंच नळीची खास कोल्ट पिस्तुले नजर केली. संशोधकांनी पुष्कळ शोध केला. परंतु या हकीकतीस विश्वसनीय आधार सापडला नाही. तरी काय झाले? १९५५ पासून १९६१ पर्यंत अर्पच्या जीवनावरील एक मालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर चालली आणि तिच्या नायकाच्या हाती हे लांब नळीचे पिस्तूल घराघरांतून दिसू लागले. तेव्हा १९५७ साली कोल्ट कंपनीने ‘बंटलाइन स्पेशल’ या नावाने बारा इंच नळीचे पिस्तूल खरोखरच बाजारात आणले. चरित्रकाराच्या लेखणीतून निघालेले शस्त्र सव्वीस वर्षांनी पोलादाचे झाले. कल्पिताने वास्तवास जन्म दिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात शोधूनच काढावे लागेल.

आणि ही गोष्ट काही एकट्या बंटलाइनची नव्हे. मूळ पिस्तुलाचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बंद पडले होते. जुने म्हणून टाकून दिलेले ते शस्त्र कंपनीने १९५६ साली पुन्हा घडवावयास घेतले, याचे मोठे कारण पडद्यावरील घोडेस्वारांच्या कथांनी निर्माण केलेली मागणी हेच होय. तिच्याआधीच, १९५३ साली, रूगर कंपनीने त्याच घाटाचे लहान पिस्तूल काढले होते आणि १९५५ साली अधिक जबर बाराचे ‘ब्लॅकहॉक’ काढले. त्याच वंशात पुढे .४४ मॅग्नमची आणि १९८३ मध्ये .४५४ कॅसलची, मोठ्या श्वापदांच्या शिकारीस पुरी पडणारी, पिस्तुले जन्मास आली. इटलीतील कारखाने आजही कोल्टच्या प्रतिकृती घडवितात. एरवी शस्त्र आधी आणि पोवाडा नंतर असा क्रम असतो. येथे पोवाडा आधी झाला आणि त्यासाठी शस्त्र पुन्हा घडविले गेले.

शस्त्राचे पुनरुज्जीवन करण्याइतके सामर्थ्य ज्या कथेत आहे, तिची परीक्षा टीकाकाराने कोणत्या कसोटीवर करावी? आमची कसोटी साधी आहे. शस्त्रास जे वजन आहे ते कथेस ठाऊक आहे काय? पिस्तुलाला सहा घरे आहेत, घोडा अंगठ्याने चढवावा लागतो, दारूचा धूर डोळ्यांपुढे येतो आणि गोळी लागली की मनुष्य मरतो. या चार गोष्टी जी कथा विसरत नाही ती आमच्या मते प्रामाणिक कथा.

या कसोटीवर पुष्कळशी कथासृष्टी तत्काळ बाद होते. १९३० आणि १९४० या दशकांतील स्वस्त चित्रपटांत नायकाचे पिस्तूल म्हणजे द्रौपदीची थाळी असे. कितीही बार काढले तरी ते रिते म्हणून होत नसे. नायक दौडत्या घोड्यावरून नेम धरी आणि गोळी नेमकी खलाच्या हातातील पिस्तुलास लागे; खल हात झटकी, रक्ताचा थेंबही निघत नसे. ‘लोन रेंजर’ हा बुरखाधारी वीर १९३३ पासून नभोवाणीवर आणि १९४९ पासून दूरचित्रवाणीवर आला. त्याच्या गोळ्या चांदीच्या, आणि कोणाचा जीव घ्यावयाचा नाही हे त्याचे व्रत. अशा कथा मुलांना निर्धास्तपणे दाखवाव्या, असे त्या काळच्या पालकांना वाटे, आणि आजही पुष्कळांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. रक्त न दाखविणारी कथा निरुपद्रवी असते हा एक गोड भ्रम आहे. ज्या पिस्तुलाने कोणी मरत नाही ते पिस्तूल हातात घेण्यास कोणास भय वाटावे? मुलाच्या मनातून शस्त्राची भीती काढून टाकावयाची आणि मोह मात्र ठेवावयाचा, हे काम या सोज्ज्वळ कथांनी जितके केले तितके रक्तरंजित कथांनीही केले नसेल.

जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाने १९५३ साली काढलेला ‘शेन’ हा चित्रपट या भ्रमास दिलेले उत्तर आहे. स्टीव्हन्स महायुद्धात सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन हिंडला होता. डाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तेथील दृश्ये त्याने टिपली होती. माणसाला मारणे म्हणजे काय ते पाहून आलेल्या मनुष्याचा हा चित्रपट आहे. त्यात पिस्तुले फार थोड्या वेळा उडतात. परंतु जेव्हा उडतात तेव्हा तोफेसारखा आवाज होतो, आणि चिखलात गोळी लागलेला एक गरीब शेतकरी कोणी दोरीने मागे ओढावा तसा हिसक्याने फेकला जातो. प्रेक्षकाच्या पोटात धस्स होते. त्याच चित्रपटात शेन लहान मुलाला पिस्तूल कसे धरावे ते शिकवीत असताना त्याची आई तेथे येते. पिस्तूल हे एक हत्यार आहे, कुऱ्हाड आणि फावडे यांच्यासारखेच. धरणारा जसा तसे ते, असे शेन म्हणतो. त्यावर ती माउली जे सुचविते त्याचा भावार्थ असा की, या खोऱ्यात एकही पिस्तूल उरले नाही तर सर्वांचेच बरे होईल. चित्रपट या दोघांपैकी कोणाचीही बाजू घेत नाही. शेनचे तत्त्वज्ञान खोटे नाही. परंतु शेवटी त्याला जखमी होऊन एकट्यानेच डोंगराकडे निघून जावे लागते आणि घर राहते ते त्या माउलीचे. हा निवाडा संवादातून न देता घटनांच्या ओघातून दिला गेला आहे, यातच त्या कृतीचे मोठेपण आहे.

इटलीच्या सेर्जिओ लिओने याने १९६४ ते १९६६ या तीन वर्षांत स्पेनच्या उजाड माळांवर जे तीन चित्रपट घेतले, त्यांचा विचार निराळ्या दृष्टीने करावा लागतो. लिओनेला इतिहासाची पर्वा नव्हती. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या तिसऱ्या चित्रपटाची कथा अमेरिकेच्या यादवी युद्धातली. परंतु त्यातील पिस्तुलांत जी धातूची काडतुसे भरली जातात ती तशा पिस्तुलांत भरण्याची सोय त्या काळी नव्हती. तरीही पिस्तुलाचे मर्म याला जितके कळले तितके फारच थोड्यांना कळले. एका प्रसंगी टूको हा भामटा शस्त्रांच्या दुकानात शिरतो, अनेक पिस्तुले सुटी करतो, चक्रे कानाशी धरून फिरवितो आणि निवडक भाग जुळवून आपले पिस्तूल सिद्ध करतो. एरवी विदूषक वाटणारा हा मनुष्य आपल्या कामात किती निष्णात आहे हे तेथे एका शब्दावाचून कळते. आणि शेवटच्या प्रसंगी स्मशानातील वर्तुळात तिघे उभे राहतात, तेव्हा कित्येक मिनिटे कोणीही बार काढीत नाही. डोळे, बोटे, पिस्तुलाच्या मुठी आणि मोरिकोनेचे संगीत, बस्स. घोडा चढविण्यापूर्वीचा जो क्षण म्हणून आम्ही वर सांगितला, तो लिओनेने ताणून ताणून जवळजवळ आलापीच्या कोटीस नेला आहे. बार झाल्यावर कळते की त्या तिघांपैकी एकाच्या पिस्तुलात गोळ्याच नव्हत्या. चक्र रिकामे होते. घरांची मोजदाद ही येथे कथानकाची किल्ली होऊन बसते.

या मोजदादीचे सामर्थ्य आपल्या इकडील लेखकांनीही ओळखले. १९७५ सालच्या ‘शोले’ या हिंदी चित्रपटात, रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत, गब्बरसिंग आपल्या पराभूत साथीदारांपुढे पिस्तूल घेऊन उभा राहतो. सहा घरांपैकी तीन गोळ्या तो आकाशात उडवितो, चक्र फिरवितो आणि तिघांच्या डोक्यावर एकेकदा चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसताच खटका वाजतो. तिघेही वाचले म्हणून तो हसतो, ते हसतात, सारा तळ हसू लागतो. आणि मग त्या उरलेल्या तीन गोळ्या खर्ची पडतात. येथे पिस्तूल हे दैवाचे चक्र झाले आहे, आणि ते चक्र एका क्रूर मनुष्याच्या मुठीत आहे. सलीम-जावेद यांच्या लेखणीने परदेशातून नुसती वेशभूषा आणली नाही. यंत्राच्या रचनेतील नाट्य हेरून ते आपल्या मातीत रुजविले. अनुकरण आणि आत्मसात करणे यांतील भेद ज्यास समजावयाचा असेल त्याने हा प्रसंग पुन्हा पाहावा.

परंतु या सर्व कथापरंपरेचा निर्णायक हिशेब झाला तो १९९२ सालच्या ‘अनफरगिव्हन’ या चित्रपटात. लिओनेच्या चित्रपटांनी ज्याला कीर्ती दिली त्या क्लिंट ईस्टवुडनेच तो दिग्दर्शित केला. म्हातारा झालेला मारेकरी विल्यम मनी आरंभी डब्यावर नेम धरतो, आणि पिस्तुलाने एकही गोळी डब्यास लागत नाही. शेवटी तो घरातून दुनळी आणून डबा उडवितो. गावचा शेरीफ टूमस्टोनप्रमाणेच गावात शस्त्रबंदी पुकारतो आणि तीच शस्त्रबंदी पाशवी क्रौर्याने अमलात आणतो. एक चरित्रलेखक वीरांच्या मागे वही घेऊन हिंडत असतो. त्याने लिहिलेल्या एका थोर द्वंद्वाची खरी हकीकत शेरीफ त्याला सांगतो, आणि ती दारूची नशा, चुकलेले नेम आणि न उडालेली काडतुसे यांची एक लाजिरवाणी कहाणी निघते. आणि पाच माणसे मारल्याची बढाई मारणारा तो पोरगा पहिला खून केल्यानंतर रडू लागतो. हे आपल्याच्याने होणार नाही असे म्हणून पिस्तूल मनीच्या हवाली करतो. कथा येथेच संपती तर ती एक बोधकथा झाली असती. पण मनी तेच पिस्तूल घेऊन गावात जातो आणि दारूच्या गुत्त्यात प्रेतांचा खच पाडतो. एकाने टाकलेले शस्त्र दुसरा उचलतो. आणि आपण प्रेक्षक, इतके सारे समजूनउमजूनही, त्या क्षणी आतून सुखावतो. तो चित्रपट आपणांस दोषी ठरवितो तो येथे.

गांडीवाची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी पांडवांना अडवितो आणि गांडीव वरुणास परत करावयास सांगतो. मग अर्जुन ते पाण्यात सोडून देतो. शस्त्राची कथा शस्त्राच्या विसर्जनाने पुरी होते, हे व्यासांना ठाऊक होते. अमेरिकेतील त्या कथेलाही हे कळावयास वेळ लागला, पण कळले. जॉन वेनचा अखेरचा चित्रपट ‘द शूटिस्ट’ १९७६ साली निघाला. त्यातील वृद्ध पिस्तूलबाज कर्करोगाने मरणोन्मुख आहे. वेनला स्वतःला पूर्वी तो रोग झालेला होता आणि १९७९ साली त्याच रोगाने तो गेला. कथा १९०१ च्या जानेवारीतील, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या निधनाच्या आठवड्यातील. अखेरच्या चकमकीत वृद्ध कोसळतो. त्याला देव मानणारा एक तरुण पिस्तूल उचलून मारेकऱ्यास मारतो, हातातील शस्त्राकडे पाहतो आणि दूर भिरकावून देतो. मरता मरता तो वृद्ध समाधानाने मान हलवितो. कमरेस पिस्तूल बांधून ज्याने चार दशकांहून अधिक काळ पडदा गाजविला, त्याच्या कारकीर्दीची अखेर एका फेकलेल्या पिस्तुलाने व्हावी, याहून उचित भरतवाक्य कोणते?

आज ही कथा चित्रपटांतून संगणकाच्या खेळांत उतरली आहे. ‘मेटल गियर सॉलिड’ या १९९८ सालच्या जपानी खेळात ऑसेलॉट नावाचा खल याच कोल्टचा भक्त आहे. सहा बार झाले की तो थांबून एकेक गोळी भरतो, आणि त्याच अवकाशात खेळणाराने त्याला गाठावयाचे असते. मर्यादा हाच खेळाचा नियम झाला आहे. कलावंताला यंत्राची मर्यादा दिसली की तो तिचे सोने करतो, मग माध्यम कोणतेही असो.

आणि तरीही या विषयाचा शेवट आम्हांस केवळ रसचर्चेत करता येत नाही. १९०३ साली एडविन पोर्टर याने काढलेल्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या बारा मिनिटांच्या चित्रपटात एक दृश्य आहे. दरोडेखोरांचा नायक पडदाभर दिसतो, पिस्तूल सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, रोखतो आणि बार काढतो. लोक दचकले, हसले आणि पुन्हा पाहावयास आले. तेथून ११८ वर्षांनी, २१ ऑक्टोबर २०२१ रोजी, न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाची तयारी चालली असता एका नटाच्या हातातील कोल्टची प्रतिकृती कॅमेऱ्याच्या दिशेने रोखली गेली आणि तीतून खरी गोळी सुटली. कॅमेऱ्यापाशी उभी असलेली छायालेखिका हॅलिना हचिन्स प्राणास मुकली. दिग्दर्शक जखमी झाला. शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीस २०२४ साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुरावा लपविला गेल्याच्या कारणावरून त्याच वर्षी नटावरील खटला रद्द झाला. त्या प्रकरणात पुन्हा पुन्हा विचारला गेलेला प्रश्न हा होता की, घोडा किती मागे ओढला होता आणि चाप दाबला होता काय? दीडशे वर्षांपूर्वी ज्या क्षणाने कथेस जन्म दिला, त्याच क्षणाची चिकित्सा न्यायालयात चालली होती. फरक एवढाच की या वेळी बार झाल्यावर पडलेले माणूस पुन्हा उठणार नव्हते.

या दुर्दैवी घटनेवरून चित्रपट वा कथा बंद कराव्या, असे आमचे म्हणणे नाही. जी कथा शेनमधील त्या माउलीचे म्हणणे ऐकून घेते, जी गब्बरच्या हास्यातील थंडपणा दाखविते, जी विल्यम मनीबरोबर आपणांसही गुन्हेगार ठरविते, ती कथा शस्त्राचे वजन वाढविते. आणि वजन कळलेला हात सावध असतो. शस्त्र हलके करून दाखविणारी कथा मात्र, मग तिच्यात रक्ताचा टिपूसही नसो, हात सैल सोडावयास शिकविते. ‘पीसमेकर’ हे नाव देणाऱ्या विक्रेत्याने जी लबाडी केली, तीच ती कथा करते.

दिवाळीत मूल टिकल्यांचे पिस्तूल मागेल तेव्हा ते द्यावे की न द्यावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु दिले तर त्याबरोबर एखादी चांगली गोष्टही द्यावी. अशी गोष्ट की जिच्या शेवटी कोणीतरी ते शस्त्र खाली ठेवतो. मुलाचा अंगठा घोड्यावर जाईल तेव्हा, चाप ओढण्यापूर्वीच्या त्या एका क्षणात, ती गोष्ट त्यास आठवली तर बरे.